धरलेला ब्रेक

आधी तो मोबाइल पालथा घाल. त्याचा उजेड माझ्या डोळ्यांत जातोय. हं. आता बसा नीट, आणि मध्ये मध्ये 'मग काय झालं काका' करू नका. पुढे काय झालं ते मला माहितीये, म्हणूनच सांगतोय ना!

भूत असतं की नसतं हेही मला विचारू नका. मी सदतीस वर्षं मालवाहतुकीच्या ऑफिसात कारकुनी केली. पावती दाखवा, मग बोला, असा माझा खाक्या. पण ही गोष्ट माझ्या साडूची. साडू म्हणजे तुमच्या काकूच्या धाकट्या बहिणीचा नवरा. घराला लागूनच त्याचं गॅरेज आहे. हात सोन्याचे, पण तोंड असं फटकळ की गिऱ्हाईक गाडी देऊन लांब जाऊन उभं राहतं. खोटं मात्र त्याला बोलता येत नाही. जन्मात एकदाच बोलला, ते येईल पुढे.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. सतरा तारीख, रविवार. सकाळी साडेनऊला साडू जीप घेऊन निघाला, पंपावर डिझेल भरून आणायला. टाकी फुल करायची, चाकांची हवा बघायची, घरी येऊन जेवायचं, एवढाच बेत होता.

जीप आमच्या सासऱ्यांची. आम्ही दोघे जावई त्यांना मामा म्हणायचो. सत्तावीस वर्षांची गाडी, चारही चाकांनी ओढणारी. चिखल असो नाहीतर दगडधोंडे, ती आपली चालतेच. मामा मार्चमध्ये गेले, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी. ही जीप नातीची, असं त्यांनी केव्हाच सांगून ठेवलं होतं. नात म्हणजे साडूची एकुलती एक मुलगी, जनावरांची डॉक्टर. तिला डोंगराखालच्या दवाखान्यात नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी दहाच्या आत हजर व्हायचं, आणि अट काय, तर कच्च्या रस्त्यावर चालणारी स्वतःची गाडी पाहिजे. नाही आलात तर यादीतला पुढचा उमेदवार. त्या यादीत पोरगी दोन वर्षं ताटकळली होती. आणि जायचा रस्ता लांबचा, त्यात शेवटचे बावीस किलोमीटर नुसता उतार, वळणावर वळण, एका बाजूला दरी. कळलं ना घोडं कुठं पेंड खातंय ते? बापाला गाडी द्यायची तर होतीच, पण ब्रेकची खात्री झाल्याशिवाय लेकीच्या हातात द्यायची नव्हती.

पंप चार किलोमीटरवर. परत येताना साडूला वास आला, जळका. उतरून बघतो तर पुढची दोन्ही चाकं तापून लाल व्हायची बाकी. मला लगेच फोन.

"दादा, पुढचे ब्रेक धरतायत."

"बरं आहे की, ब्रेकनं धरायलाच पाहिजे."

"चेष्टा नको रे! लागतात, पण सुटत नाहीत. पाय काढला तरी धरूनच बसतात. रिमवर थुंकलो तर चर्र झालं."

तो पहिला फोन. त्या दिवशी मला अकरा फोन आले. माझा आख्खा रविवार त्या ब्रेकनं खाल्ला, तिकडं न जाता.

दुपारपर्यंत त्यानं दोन्ही बाजूंचे कॅलिपर खोलले. कॅलिपर म्हणजे डिस्कला चिमटा घेतो तो भाग. आत गंज असेल, पिस्टन अडकत असेल, असा त्याचा हिशेब. तर पिस्टन आरशासारखे! तरी पुसले, नवे रबर घातले, ग्रीस लावलं, जोडलं. कोपऱ्यापर्यंत चक्कर मारली. ये रे माझ्या मागल्या.

मग म्हणाला, होज पाइप. रबराचा पाइप बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून सुजतो म्हणे. ऑइल जाऊ देतो, परत येऊ देत नाही. रविवार, दुकानं बंद. दुकानदाराच्या घरी जाऊन त्याला जेवणावरून उठवला, त्याच्या शिव्या खाल्ल्या, दोन नवे पाइप आणले. बसवले. चक्कर. तेच. जुने पाइप कापून बघितले, तर आतून स्वच्छ. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, असं मी म्हणालो, तर त्यानं फोनच आपटला.

संध्याकाळी सहाला पुन्हा फोन. आवाज बसलेला.

"चाकापाशी ऑइल काढायचा निपल असतो ना, तो उघडला की पिचकन ऑइल उडतं आणि चाक सुटतं. म्हणजे दाब अडकतोय. खाली काही नाही, वर कुठंतरी आहे."

"मग वर बघ."

"वरचंच बघतोय ना! मास्टर सिलिंडर, ऑइलला दाब देतो तो, खोलून धुतला. त्याचे नट सैल करून बघितले, मागचा दांडा लांब होऊन रेटत असेल म्हणून. नाही रेटत. सगळं बरोबर आहे, दादा. एकूण एक गोष्ट बरोबर आहे आणि चाक फिरत नाही. डोकं फुटायची वेळ आलीय."

"उद्या पोरीला दुसरी गाडी..."

"कुठली? तुझी स्कूटर?"

आता यात एक गोष्ट अशी की ब्रेकमधली हवा काढणं हे दोघांचं काम. एक जण आत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकापाशी बसून निपल उघडतो. चाकापाशी बसलेला सांगणार, आतला करणार. दाबा. धरा. मग खालचा निपल उघडतो, ऑइलबरोबर हवा बाहेर येते, निपल बंद करतो आणि ओरडतो, बंद. मग सोडा. निपल उघडा असताना आतल्यानं पाय काढला, की हवा परत आत. सगळी मेहनत पाण्यात.

मामा थकल्यावर गॅरेजात हेच काम करायचे. पेडलवर बसायचे. आणि त्यात काय त्यांची शिस्त! खालून 'बंद' आल्याशिवाय नुसतं 'सोडा' म्हटलेलं ऐकायचेच नाहीत. "बंद केलंस का? आधी बंद म्हण," असं वरून दरडावायचे. साडू चिडायचा. केलं हो बंद, दिसत नाही का, म्हणायचा. "मला कसं दिसणार, मी वर आहे," असं मामा. रोजची खडाजंगी.

त्या संध्याकाळी लेक बापाच्या मदतीला आली. "बाबा, मी पेडल दाबते ना, एकटे किती वेळ करणार," म्हणून दार उघडून पाय आत टाकला. साडू जो कडाडला! "खाली उतर! आत बसायचं नाही!" पोरगी पांढरी पडली. ती कधी बापाकडून असं ऐकून घेणारी नाही, पण त्या दिवशी गुपचूप घरात गेली. थोड्या वेळानं तिच्या आईनं येऊन खरडपट्टी काढली. उद्या पोर चाललीय आणि तुम्ही तिच्यावर ओरडताय, एका ब्रेकपायी? साडू पुन्हा चाकापाशी जाऊन बसला. मार्चपासून तो हवा एकट्यानंच काढायचा, बाटली आणि नळी लावून. तिप्पट वेळ जायचा. का, ते कोणी विचारलं की तो अंगावर यायचा.

दहा वाजता माझा फोन. म्हटलं झोप आता, सकाळी बघू. तर म्हणाला, सकाळी सहाला ती निघणार, सकाळी काय बघू, कपाळ? आणि ठेवला.

त्यानंतरचं मला त्यानं पहाटे सांगितलं. जसं सांगितलं तसं सांगतो. एक अक्षर माझ्या पदरचं नाही.

रात्री अकरा वाजून वीस मिनिटं. घरात सगळे झोपलेले. गॅरेजचं शटर अर्धं खाली. जीपचं पुढचं अंग स्टँडवर उचललेलं, दोन्ही चाकं हवेत. इंजिन बंद, चावी साडूच्या खिशात. वर एक दिवा लोंबकळत होता, तेवढाच.

साडूनं निपल घट्ट केला, बाटली-नळी बाजूला काढली आणि डावं चाक हातानं फिरवलं. फिरलं, भिंगरीसारखं. म्हणाला, सुटलं बाबा एकदाचं. पाना ठेवायला वळला.

मागून आवाज आला. कच्.

चाक थांबलं होतं. हळूहळू नाही. मध्येच.

त्यानं हात लावून बघितला. घट्ट. उजव्या बाजूला गेला. तेही घट्ट. पेडलला कोणी हात लावला नव्हता. गाडीत कोणी नव्हतं.

तुम्ही असता तर पळाला असता. साडू पळाला नाही, कारण त्याला भीती वाटायच्या आधी राग आला. पाना भिंतीवर फेकून मारला. त्या जीपला, ती बनवणाऱ्याला, स्वतःच्या नशिबाला, सगळ्यांना लाखोली वाहिली. मग पाना उचलून आणला, निपल उघडला. पिचकन ऑइल आलं. चाक सुटलं. बंद केला. फिरवलं. फिरतंय... फिरतंय...

कच्.

चार वेळा. चौथ्यांदा त्यानं निपल उघडला आणि तो खाली फरशीवरच बसला. दिवसभर चाकापासून वर, वरून चाकापर्यंत, सगळं हुडकून झालं होतं. एकच जागा त्यानं दिवसभर टाळली होती. तिकडं तो मुद्दाम बघतच नव्हता.

काय गं? हो, पेडल. मध्ये बोलू नको म्हटलं होतं.

तो उठला. चालकाच्या बाजूचं दार उघडलं. बॅटरी खाली मारली.

पेडल खाली होतं. दोन बोटं.

आत कोणी नाही. नुसती सीट. नुसता रबरी मॅट. पेडलची स्प्रिंग जागच्या जागी होती, चांगली ताठ. त्यानं हात घालून पेडल वर ओढलं. आलं. हात काढला. पेडल पुन्हा खाली जायला लागलं. सावकाश... घाई नाही, धक्का नाही. सवयीचा पाय असावा तसं. दोन बोटं गेलं आणि थांबलं.

आणि तिथं धरून राहिलं.

...

आता मार्चमधलं ऐका. ते ऐकल्याशिवाय यातलं काही कळायचं नाही.

मामा त्याच जीपमध्ये गेले, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. हीच हवा काढायला बसले होते. साडूनं सगळ्यांना सांगितलं, मी शेजारीच होतो, बोलता बोलता मान टाकली, त्रास झाला नाही. लेकीनं विचारलं, शेवटी काही म्हणाले का आजोबा? तर म्हणाला, हसले. म्हाताऱ्याचं सोनं झालं, असं जो तो म्हणाला. मीही म्हणालो.

खरं असं झालं होतं. मामा पेडलवर. साडू चाकापाशी. निपल उघडला, तर त्याचे आटे गेलेले, परत बसेना. साडू वैतागला. म्हणाला, "मामा, धरा. समोरून नवा निपल आणतो, दोन मिनिटांत. मी सांगेपर्यंत सोडू नका." मामा म्हणाले, "धरलं." समोरच्या दुकानदारानं चुकीच्या मापाचा दिला. साडू म्हणाला दुसरा दे, तो म्हणाला हाच लागतो. झाली बाचाबाची. मागची उणीदुणी निघाली. एकमेकांच्या बापापर्यंत गेले. चांगली चाळीस मिनिटं. साडूच्या डोक्यातून म्हातारा पार निघून गेला, पोरांनो. पार.

परत आला तेव्हा मामांचं डोकं स्टिअरिंगवर होतं. अंग गार पडायला लागलं होतं.

पाय पेडलवर होता. पार खालपर्यंत दाबलेला. साडूनं तो दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. मग घरात हाक मारली. मग ते खोटं बोलला.

आठ महिने कोणाला काही बोलला नाही. बायकोलाही नाही. जीप झाकून ठेवली होती, ती नोव्हेंबरमध्ये लेकीची नोकरीची ऑर्डर आली तेव्हाच बाहेर काढली.

आणि आता रात्रीचे पावणेबारा. तो उघड्या दाराशी उभा. पेडल खाली.

त्याला कळलं. कसं कळलं ते त्याला सांगता येत नाही. दिवसभर शिव्या देणारा माणूस, एक शब्द निघेना.

शेवटी निघाला. "सोडा, मामा."

काही नाही.

"मामा... सोडा."

पेडल हललं नाही. दिवा हलला नाही. बाहेर कुत्रं नाही, गाडी नाही. साडू म्हणतो, एवढी शांतता मी त्या गॅरेजात कधी ऐकली नाही.

मग त्याला राग आला. मेलेल्या माणसावर! "अहो सोडा म्हणतोय ना! किती छळाल?" असं ओरडला, आणि ओरडला तसं पेडल... आणखी खाली गेलं. सावकाश. सावकाश. पार तळाला टेकलं.

चाकापाशी काहीतरी ठिबकायला लागलं. टप. टप.

साडू धावत पुढे गेला. चौथ्या वेळी निपल उघडला होता ना त्यानं? तो घट्ट करायचाच राहिला होता. चिडून खाली बसला, तो तसाच. बोटानं सैल लागत होता.

तो निपलकडं बघत राहिला. आणि मग रडायला लागला. मोठ्या माणसासारखा नाही, तोंड वाकडं करून, पोरासारखा. त्यानं पाना लावला. निपल घट्ट केला. पुन्हा एकदा घट्ट केला. तिथूनच, चाकापाशी बसून, जसं नेहमी सांगायचा तसं सांगितलं.

"बंद."

...

"बंद केलं, मामा. मी विसरलो हो. भांडत बसलो. चुकलं माझं. तुम्ही धरून बसलात आणि मी..."

...

"सोडा आता."

...

आत स्प्रिंग कुरकुरली. पेडल वर आलं. हळू. वरच्या खिट्टीला टेकल्याचा आवाज आला, टक्. बस्स.

साडूनं चाकाला बोट लावलं. फिरलं. फिरत राहिलं. तो घड्याळाकडं बघत बसला. बारा वाजून गेले, चाक कितीदा फिरवलं याची गणती नाही. एकदाही धरलं नाही. मग त्यानं जीप स्टँडवरून खाली घेतली, मध्यरात्री चार किलोमीटर जाऊन आला, रिमला हात लावला. गार. साडेबाराच्या सुमाराला जीप आत लावली, दारांना कुलपं घातली, शटर ओढलं, चावी उशाखाली घेऊन आडवा झाला. झोप कसली येतेय!

पहाटे पाचला मला फोन. "दादा, ये." एवढंच. मी स्कूटर काढली. गॅरेजच्या बंद शटरसमोर उभ्या उभ्या त्यानं हे सगळं सांगितलं. मला राग आला, खोटं नाही सांगत. मामा माझेही सासरे होते. चाळीस मिनिटं! एका निपलपायी! पण त्याचं तोंड बघून मी गिळलं. "पोरीला सांग," म्हटलं. म्हणाला, सांगीन, आज नको. महिन्याभरानं सांगितलं त्यानं. चार दिवस बोलली नाही ती बापाशी. मग बोलली. म्हणूनच तुम्हाला सांगायला मी मोकळा आहे.

आणि ती पोचली नीट, आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही माना उंच करून बसाल. सव्वानऊला फोन आला, चाकं हाताला गार, सही झाली, नोकरी पक्की. आजही तीच जीप चालवते. ब्रेकची एक तक्रार नाही.

पण निघतानाचं राहिलं.

पावणेसहाला ती बाहेर आली. अंधारच होता. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. साडूनं माझ्यादेखत शटर उघडलं, माझ्यादेखत दारांची कुलपं काढली. ती चढली, चालकाच्या सीटवर बसली आणि शहारली. "आई गं, काय गार पडलीय सीट!" मग बॅग शेजारच्या सीटवर ठेवायला वाकली. आणि तिचा हात तिथंच राहिला.

"बाबा, इथं कोण बसलं होतं?"

"कोणी नाही. का?"

"गरम आहे."

साडू माझ्याकडं बघायला लागला. मी पलीकडच्या बाजूनं गेलो, दार उघडलं, हात लावला. मी, पावतीवाला माणूस, माझ्या या हातानं. रात्रभर बंद गाडीतलं रेक्झिन. चालकाची सीट बर्फ. आणि ही... कोणी बसलेलं असावं, तेवढी उबदार. पाठ टेकते तिथंसुद्धा.

मग साडूनं घसा खाकरला.

"बॅग मागे ठेव, बाळा," तो म्हणाला.

तिनं मागे ठेवली.